दीड वितीचा पट्टा

"'त्या काळी शाळेची वाट म्हणजे अग्निदिव्यच होते,'" वासुदेवरावांनी वाचलं आणि ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला की नाही ते चष्म्यावरून पाहून घेतलं. "'दोन कोस अनवाणी चालत, दुथडी भरून वाहणारा नाला पोहून, दप्तर डोक्यावर सांभाळीत मी त्या ज्ञानमंदिरात पोहोचत असे.'"

दोन कोस म्हणे, पोहून म्हणे! राधाबाईंनी सूत भरायच्या रहाटाचं चाक नेहमीपेक्षा जरा जोरातच फिरवलं. त्या नाल्याला भर श्रावणातसुद्धा गुडघ्याच्या वर पाणी कधी आलं नव्हतं. आणि तेवढ्या पाण्यातूनही हे जलतरणपटू थोरल्या बहिणीच्या पाठुंगळी बसून पार होत. दप्तर डोक्यावर होतं हे खरं, पण ते राधाबाईंच्या डोक्यावर. अनवाणीही त्याच होत्या. वासूच्या पायात बापानं तुमसरच्या बाजारातून आणलेल्या टायरच्या चपला असत, आणि नाल्याशी आल्यावर त्या भिजू नयेत म्हणून तो त्या काढून बहिणीच्या हातात द्यायचा.

"वासू," त्या म्हणाल्या, "नाल्यात पाणी किती व्हतं?"

"बाई, लिखाणात थोडं वातावरण निर्माण करावं लागतं."

"वातावरण कर ना. पाणी कायले वाढवतं?"

दाराशी बसलेल्या तेजस्विनीला हसू फुटलं. तिनं ते ओढणीत दाबलं, कारण राधाबाईंच्या समोर, सतरंजीवर, त्यांचे सगळ्यांत धाकटे भाऊ, म्हणजे तिचे आजोबा नंदलाल बसले होते आणि त्यांनी तिच्याकडे डोळे वटारले. या घरात वासुदेवरावांना हसायचं नसतं. ते या घराचे शिकलेले. साकोलीकडच्या एका हायस्कुलात हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, वीस वर्षांपासून नागपुरात बंगला बांधून राहिले, आणि गावच्या मिडल स्कूलला पंचाहत्तर वर्षं पुरी झाली म्हणून उद्याच्या सोहळ्याचे अध्यक्ष होऊन काल गाडीनं उतरले. उतरल्यापासून घर नुसतं पायांच्या बोटांवर चालत होतं. नंदलालनं स्वतःची खाट रिकामी करून दिली होती. सुनेनं लाखोळीच्या डाळीचे वडे दोनदा तळले, कारण पहिले वडे साहेबांच्या दातांना कडक लागले. बावन्न वर्षांचा मंगेश, नंदलालचा मुलगा, सकाळपासून मागाच्या खोलीचं दार लावून काहीतरी गुपित उरकत होता. आणि तेजस्विनी, मंगेशची पोरगी, जी त्याच शाळेत कंत्राटावर शिकवते, ती स्मरणिकेची कच्ची छापील प्रत मांडीवर घेऊन आबाजींच्या, म्हणजे वासुदेवरावांच्या, लेखाच्या चुका तपासत होती. पाचच्या बसनं ती प्रत तुमसरच्या छापखान्यात पोहोचवायची होती. त्यानंतर ब्रह्मदेव आला तरी एक अक्षर बदलणार नव्हतं.

राधाबाईंना मात्र कोणी उठवलं नव्हतं, बसवलंही नव्हतं. त्या आपल्या जागेवर होत्या. मागच्या भिंतीशी त्यांचा रहाट, त्यावर बाण्याच्या, म्हणजे आडव्या सुताच्या, कांड्या भरायचं काम, बासष्ट वर्षांपासून तेच. नवरा गेल्यावर विसाव्या वर्षी माहेरी परतल्या तेव्हापासून या घरातल्या मागाला लागणारी प्रत्येक कांडी त्यांच्या हातानं भरली गेली होती. रहाट उलटा मांडलेला असे, म्हणजे चाकाची मूठ डाव्या बाजूला. गावात अशा डावखुऱ्या बाईला डेबरी म्हणतात. लहानपणी राधा डेबरी म्हणायचे, आता राधाबाई म्हणतात, पण रहाट तसाच आहे.

वासुदेवराव पुढे सरकले. "'आंबागडच्या सहलीत किल्ल्याच्या दरवाजाला सर्वप्रथम हात लावणारा विद्यार्थी मीच होतो.'"

अर्ध्या चढावर याच्या पायात काटा मोडला होता. हा भोकाड पसरून बसला तेव्हा गुरुजींनी त्याला मोहाच्या झाडाखाली बसवून राधेला राखण ठेवलं आणि बाकीची पोरं वर घेऊन गेले. किल्ल्याचा दरवाजा ना यानं पाहिला, ना तिनं. राधाबाईंनी तो आजपर्यंत पाहिलेला नाही. आंबागड इथून किती जवळ आहे, ते बसवाल्याला विचारा!

पण यावर त्या बोलल्या नाहीत. नाला झाला, किल्ला झाला, आता सूत येणार हे त्यांना पाठ होतं. अडुसष्ट वर्षं हे त्या ऐकत होत्या. लग्नात ऐकलं, बारशात ऐकलं, एकदा तर बापाच्या तेरवीला जेवणाच्या पंगतीत ऐकलं.

"'मूलोद्योग या विषयात माझ्या सुताच्या गुंडीला प्रथम पारितोषिक मिळाले. त्याच गुणांच्या बळावर सातवीनंतर मला भंडाऱ्याच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि माझ्या जीवनाला दिशा लाभली. ती गुंडी शाळेने माझ्या नावाच्या चिठ्ठीसह आजतागायत जपली आहे.'"

"वा!" नंदलाल म्हणाला.

"कोष्ट्याच्या पोरानं सुतात नंबर काढला, कमाल आहे," ललिताबाई म्हणाल्या. या वासुदेवरावांच्या पत्नी. त्यांनी हे वाक्य पन्नास वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की आता ते आपोआप येई.

राधाबाईंचा हात चालूच होता. त्या बक्षिसाचं त्यांना काही नव्हतं. दिलं ते दिलं. चोरलेलं असतं तर गोष्ट वेगळी, त्यांनी स्वतःच्या हातानं दिलं होतं.

"'माझी वडील भगिनी राधा हिला मात्र विद्येची गोडी नव्हती,'" वासुदेवराव वाचत होते. "'ती शाळेत कधी आलीच नाही. परंतु मी कंदिलाच्या उजेडात तिला घरी अक्षरओळख करून दिली. स्त्रीशिक्षणाचे माझे कार्य असे घरापासूनच सुरू झाले.'"

रहाट थांबला.

तो थांबला की या घरात लगेच कळतं, कारण दिवसभर त्याचा आवाज असतोच. तेजस्विनीनं मान वर केली.

"तेजू," राधाबाई म्हणाल्या, "थ्या पुस्तकात सातवीच्या पोट्ट्यांची यादी हाय म्हणे. सत्तावन सालची वाच."

तेजस्विनीनं पान उलटलं. अकरा नावं होती. त्यांतली आठ माणसं गेलेली, त्यांच्यापुढे कैलासवासी. उरले तीन: वासुदेव नथ्थूजी सोनकुसरे, तलावाच्या पलीकडचा एक शेतकरी, आणि चंद्रकुमार, जो अजून माग चालवतो आणि ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही इतका बहिरा आहे.

"माहं नाव?"

"आजी, ते... आबाजी म्हणाले फक्त उत्तीर्ण झालेल्यांचीच घ्यायची." तेजस्विनी अडखळली. "आणि उद्याच्या खुर्च्यापण यादीवरूनच लावल्या. सत्तावन सालचे, सगळ्यांत जुने माजी विद्यार्थी समोर, पहिल्या रांगेत. बाकी मंडपात कुठेही."

"म्हंजे शाळेच्या रजिस्टरात माहं नाव हाय."

तेजस्विनीनं पान मिटलं. तिनं रजिस्टर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर आलं.

"मंग हा काहून लिहिते का मी शाळेतच आली नाई?"

वासुदेवरावांनी कागद खाली ठेवला. हेडमास्तर असताना पालकांशी बोलायचे तो आवाज त्यांनी काढला. "बाई, समजून घे. नापास झालेल्या माणसाचं नाव पंचाहत्तर वर्षांच्या स्मरणिकेत कशाला? सोहळ्यात अमंगळ वाटतं. त्यापेक्षा तू शाळेत नव्हतीसच असं म्हटलं तर त्यात तुझीच इज्जत राहते."

"माही इज्जत तू राखून राहिला?"

"त्यांचं म्हणणं काही चूक नाही बाई," ललिताबाई मध्ये पडल्या. "या वयात नाव छापून काय करायचं? मंत्रीसाहेब येऊन राहिले, कलेक्टर येऊन राहिले. त्यांच्यासमोर अध्यक्षांची बहीण सातवी नापास, बरं दिसते का?"

"नंद्या, तू काय म्हणतं?"

नंदलाल पंचाहत्तरीचा होता, पण बहिणीनं नंद्या म्हटलं की त्याचं तोंड अजून सात वर्षांच्या पोरासारखं व्हायचं. त्यानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा सतरंजीकडे. "मी तवा लहान व्हतो बाई. मले काय ठाव."

हा नंदलालचा जन्माचा धंदा. जिकडे जड पारडं तिकडे हा, आणि पारडं वर-खाली होऊन राहिलं असेल तर हा सतरंजीकडे. त्याला दोष द्यावा तर याच बहिणीनं त्याला कडेवर वाढवला होता.

राधाबाई उठल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या आणि त्यांना ती खोली दिसली. शेणानं सारवलेली, मातीच्या भिंतींची, सातवीची. पोरी दोनच, त्यातली एक दिवाळीनंतर लग्न होऊन गेली. राधा डाव्या हातानं लिहायची म्हणून पहिलीत दोन महिने तिच्या बोटांवर पट्टी बसली. रडत रडत तिनं उजव्या हातानं लिहायला शिकून घेतलं. पण टकळी काही उजव्या हातात फिरेना. फिरवली की धागा तुटायचा. उद्योगाच्या गुरुजींनी दोन दिवस पाहिलं आणि म्हणाले, "सूत निघते ना? मंग कात कोणत्याबी हातानं." त्या सबंध शाळेत डाव्या हातानं करायला मिळालेली ती एकच गोष्ट होती. आणि मग तिनं काय कातलं! कापसाचा पेळू नुसता बोटांतून वितळायचा. गुरुजी तिचा धागा खिडकीशी धरायचे आणि काही न बोलता परत द्यायचे.

वासूला टकळी येत नव्हती. कोष्ट्याचा पोरगा, आणि टकळी येत नाही! याचा धागा गाठींनीच भरलेला. परीक्षेला प्रत्येकानं सुताची एक अख्खी गुंडी, म्हणजे लड, द्यायची होती. राधेनं स्वतःची केली आणि मग त्याच्यासाठी दुसरी सुरू केली, ती परीक्षेच्या सकाळपर्यंत निम्मीच झाली. नाल्यापाशी हा रडायला लागला. मी नापास होईन, भंडाऱ्याला जाता येणार नाही, बाबा मागावर बसवतील. राधेनं अख्खी गुंडी त्याच्या हातात ठेवली आणि अर्धी आपल्याजवळ घेतली. "गुरुजींले मी मागून सांगतो," वासू म्हणाला होता.

अर्ध्या गुंडीला शून्य मिळालं. उद्योगात नापास म्हणजे सगळ्यातच नापास, तसा तेव्हा नियम होता. बाप म्हणाला, जो पास झाला तो जाईल, दुसरी कांड्या भरंन. यात बापाचं काही चुकलं असं राधाबाईंना कधी वाटलं नाही. पण वासू मागून सांगणार होता. ते मागून अजून यायचंच होतं.

"मले बाकी काई नाई पाहिजे," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तुहा नाला ठेव, किल्ला ठेव, बक्षीसबी ठेव. यादीत माहं नाव टाक आन् थे वाक्य खोड. मी शाळेत गेली व्हती. सात वर्ष गेली. थ्या शाळेत मले एक खुर्ची पाहिजे."

"ते शक्य नाही," वासुदेवराव म्हणाले. "तेजस्विनी, प्रत बांध. बस चुकेल."

तेजस्विनीनं आजीकडे पाहिलं, आबाजींकडे पाहिलं. कंत्राटाची नोकरी, संस्थेचे लोक आबाजींच्या शब्दात. तिनं प्रत बांधायला घेतली. राधाबाईंना तिचा राग आला नाही, कीव आली. आणि ज्याच्यामुळे चोवीस वर्षांच्या शिकल्यासवरल्या पोरीची कीव करावी लागते त्याचा मात्र मनापासून तिटकारा आला.

तेवढ्यात मागाच्या खोलीचं दार उघडलं आणि मंगेश बाहेर आला. दोन्ही हातांवर घडी केलेलं पांढरं शुभ्र कापड, चेहऱ्यावर नवरदेवासारखा आनंद. याला बाहेर काय पेटलं होतं याचा पत्ता नव्हता. माग चालू असला की तसाही याला काही ऐकू येत नाही.

"मोठे बाबा, उठा! बसून नका राहू."

"काय रे हे?"

"तुमच्यासाठी दुपट्टा. उद्या शाळा तुमच्या खांद्यावर टाकन. पण सूत कोन्तं हाय वळखा!" त्याला दम निघत नव्हता. "शाळेच्या अलमारीतली तुमची गुंडी! हेडमास्तरनं माया हाती देली, म्हणे मंगेश, याचं काई बनव. ताणा गिरणीचा घेतला, बाण्यात मधामध तुमचं सूत टाकलं. पाहा, दीड वीत भरलं!"

त्यानं घडी उलगडली. दोन टोकांना पातळ तांबडा काठ, बाकी सगळं पांढरं, आणि बरोबर मध्ये दीड वितीचा एक पट्टा. तोही पांढराच, पण दुसऱ्या जातीचा. बाकी कापड दारातल्या उजेडात चमकलं की पट्टा मंद व्हायचा. मंगेशनं हात तिरपा केला की पट्टा उजळायचा आणि बाकीचं कापड विझायचं.

"अहाहा," वासुदेवराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं. स्वतःविषयी त्यांचे डोळे नेहमी खरेच भरून येत. "अडुसष्ट वर्षांपूर्वीचे माझे श्रम! ललिता, पाहा."

ललिताबाईंनी कापडाला हात लावून नमस्कार केला. नंदलाल उठून उभा राहिला. क्षणभर घरात देव्हाऱ्यासमोर असावं तसं झालं. राधाबाई तेवढ्या बसून होत्या. आपलं सूत त्यांनी दहा हातांवरून ओळखलं होतं.

"पण एक सांगतो मोठे बाबा," मंगेश हसत म्हणाला, "लई छळलं तुमच्या सुतानं. जुनं सूत, कुठी कुठी तुटे. तुटलं का मी सांधा दे, बोटावर घेऊन पिळे, का सुटूनच जाय. पिळतो तेवढं उकलून जाय! दोन दिवस डोक्शाचं दही झालं. मंग तिसऱ्या दिवशी उलटं पिळून पाहिलं, त बसला सांधा." त्यानं कौतुकानं मान हलवली. "तुमी लहानपणी डेबरे व्हते का?"

राधाबाईंनी रहाटावरची कांडी डाव्या हातात काढून घेतली.

"म्हंजे आपलं गिरणीचं सूत सारं एकाच बाजूनं पिळलेलं राह्यते," मंगेश समजावू लागला. आपलं काहीतरी चुकतंय हे त्याच्या लक्षात येत होतं, पण काय ते येत नव्हतं. "उजव्या हातानं टकळी फिरवली तरी तसाच पीळ पडते. डाव्या हातानं फिरवली का उलटा. तुमचं त सारंच्या सारं उलटं हाय. म्हणून पट्टा असा येगळा दिसून राहिला. कोन्ताबी कोष्टी पाहून सांगन."

नंदलालनं कापडाचा मधला भाग दोन बोटांत धरला, दाराच्या उजेडाकडे नेला आणि अंगठ्याच्या नखानं हळूच एक धागा उकलून पाहिला. साठ वर्षं माग चालवलेला माणूस तो. भावाची इज्जत, बहिणीचा हट्ट, कलेक्टर, मंत्री, या सगळ्यांत त्याला सतरंजीकडे पाहता आलं असतं. पण सुताबद्दल खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं. त्यानं धागा सोडला आणि भिंतीशी उलट्या मांडलेल्या रहाटाकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"मंगेश सांगते थे खरं हाय," तो म्हणाला. "हे डेबऱ्या हाताचं सूत हाय."

सगळ्यांच्या नजरा राधाबाईंच्या डाव्या हाताकडे गेल्या. त्या हातात कांडी होती.

"हां, हां, आठवलं," वासुदेवराव घाईनं म्हणाले. "लहानपणी मी डावखुराच होतो. पुढे प्रयत्नपूर्वक सवय मोडली."

इतका वेळ नवऱ्याच्या बाजूला बसलेल्या ललिताबाईंनी मान वळवली. हळू वळवली, पण पूर्ण वळवली.

"तुम्ही डावखुरे होते?"

"लहानपणी."

"आपल्या अश्विनचा हात बांधला होता तुम्ही," ललिताबाई म्हणाल्या. "पाच वर्षांचं पोरगं. डाव्या हातानं घास घेते म्हणून दोन वर्षं, रोज, दुपट्ट्याच्या पट्टीनं हात पाठीशी बांधायचे. मी सोडायची, तुम्ही परत बांधायचे. म्हणायचे, आमच्या खानदानात असलं वंगाळ कोणी निघालं नाही. पोरगं बोलताना अडखळायला लागलं, अजून अडखळते. आणि तुम्ही स्वतः डावखुरे होते?"

"ललिता, इथं सगळ्यांसमोर..."

"होते का नाही होते? एकच सांगा."

आता बघण्यासारखी गंमत झाली होती. होतो म्हणावं तर स्वतःच्या पोराचा हात कोणत्या तोंडानं बांधला. नव्हतो म्हणावं तर सूत कोणाचं. एवढा भाषणं करणारा माणूस, पण या दोन्हींच्या मधलं वाक्य त्याला सापडेना. राधाबाई बघत होत्या. त्यांना वाटलं होतं असा दिवस आला तर फार बरं वाटेल. तसं काही बरं वाटत नव्हतं. ऐंशी वर्षांचा माणूस खाटेच्या काठावर बसून घाम पुसत होता आणि त्याच्या तोंडावर नाल्याकाठच्या पोराचं रडं आलं होतं. तेव्हा त्या रड्याची कीव आली होती. आता तेवढीही येईना.

"मंग काय करू मी?" वासुदेवराव एकदम ओरडले, आणि नागपूरचा बंगला, हेडमास्तरकी, शुद्ध भाषा सगळं कुठल्या कुठे गेलं. "मले कातता येत नव्हतं! बारा वर्षाचं पोट्टं व्हतो मी! बाईनं सोता देलं, मी हिसकलं नाई!"

"नाई हिसकलं," राधाबाई म्हणाल्या. "मी देलं. थे मी कोणाले सांगलंबी नाई. पण तू मले शाळेतूनच काढून टाकलं, वासू. बाबानं एक डाव काढलं, तू आता छापून काढून राहिला."

बाहेर कोणाची तरी मोटारसायकल गेली. तेजस्विनीनं बांधलेली प्रत सोडली होती. कधी सोडली, ते कोणी पाहिलं नाही.

वासुदेवरावांनी चष्मा घातला. थोडे सावरले. हा माणूस फार वेळ पडलेला राहत नाही, उठतो, आणि उठताना काहीतरी औदार्य हातात घेऊनच उठतो. "ठीक आहे," ते म्हणाले. "ते वाक्य खोडा. यादीत बाईचं नाव घाला. आणि तेजस्विनी, उत्तीर्ण म्हणूनच घाल. मी अध्यक्ष आहे, माझ्या जबाबदारीवर घाल. कोण रजिस्टर बघायला जातो?"

"नाई," राधाबाई म्हणाल्या.

"अगं, तुला पास करून राहिलो मी!"

"तू कोण मले पास करणारा? दुसऱ्याच्या सुतावर पास व्हायची सवय तुही, माही नाई. तेजू, लिही. राधा नथ्थूजी सोनकुसरे, इयत्ता सातवी. आन् पुढं लिही, नापास."

"आजी, लोक हसतील."

"हसू दे. यादीत नापास एकटी मीच राहीन, मंग लोक इचारतील का नाई, का बाई तू कायच्यात नापास झाली? इचारलं का सांगन."

तेजस्विनीनं पेन काढलं. अक्षर नीट आलं. मग तिनं आबाजींच्या लेखातलं ते वाक्य खोडलं. नुसती रेघ न मारता गिरवून गिरवून काळं केलं. नंदलालनं तिला बसपर्यंत सोडायला स्वतःची सायकल काढली. पारडं कुठे झुकलं ते त्याला बरोबर कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मंडप भरला होता. मंत्रीसाहेब आले नाहीत, कलेक्टरांनी कोणाला तरी पाठवलं. पहिल्या रांगेत चार खुर्च्यांवर चार चिठ्ठ्या होत्या, त्यांतली वासुदेवरावांची खुर्ची रिकामी. राधाबाई चौथ्या खुर्चीवर बसल्या. शेजारी चंद्रकुमार, हातात काठी, कानाला हात. मागे सगळं गाव, आणि गावात निम्मे कोष्टी.

वासुदेवराव मंचावर होते. खांद्यावर मंगेशचा दुपट्टा होताच, शाळेनं तो सगळ्यांसमोर घातला होता, नाही म्हणता येणार नव्हतं. पण बसता बसता त्यांनी त्याची अशी घडी पाडली होती की दोन तांबडे काठ वर आले आणि मधला पट्टा आत दडला. सूत्रसंचालकानं ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की अध्यक्षांच्या खांद्यावरचं सूत त्यांनी स्वतः बालपणी कातलेलं आहे. टाळ्या पडल्या. वासुदेवरावांनी हात जोडले, काही बोलले नाहीत. खोटं बोलले नाहीत म्हणून त्यांना बरंही वाटलं असेल.

मग सत्तावन सालच्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार सुरू झाला. नावं वाचली जाऊ लागली. चौथं नाव सूत्रसंचालकानं जसं छापलं होतं तसंच वाचलं, आणि वाचून झाल्यावर दचकला.

"राधा नथ्थूजी सोनकुसरे, इयत्ता सातवी... नापास."

मंडपात हशा पिकला. राधाबाई उठल्या. कोणाचा हात धरला नाही, तीन पायऱ्या एकट्या चढल्या. वासुदेवराव नारळ घेऊन समोर उभे राहिले आणि दोघांची नजर मिळाली. त्यांनी नारळ पुढे केला. राधाबाईंनी तो उजव्या हातानं घेतला. मग डावा हात वर करून, शाळेत जाताना त्याच्या सदऱ्याची गुंडी लावून द्यायच्या तशा सहजपणे, त्यांनी भावाच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याची घडी मोडली. काठ खाली सारले आणि पट्टा वर आणून छातीवर सपाट केला.

"आता नीट दिसते," त्या म्हणाल्या.

फोटोवाल्यानं दोन फोटो काढले. भाऊबहिणीचं प्रेम पाहून मागच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. राधाबाई खाली आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. मंचाच्या तोंडावर ऊन होतं आणि त्या उन्हात पट्टा बाकीच्या कापडाविरुद्ध लख्ख उजळला होता. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या माना हळूहळू पुढे येऊ लागल्या.

चंद्रकुमारनं डोळे बारीक केले. बऱ्याच वेळानं तो राधाबाईंकडे झुकला आणि बहिरी माणसं बोलतात तसा, आपण कुजबुजतो आहोत अशा समजुतीनं, सगळ्या मंडपाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलला.

"राधे, थो मधला पट्टा डेबऱ्या सुताचा दिसून राहिला वो! कोणाचं सूत हाय थे?"

हशा, टाळ्या, पोरांचा गलका, सगळं थांबलं. मंचावर वासुदेवरावांचा हात दुपट्ट्याकडे गेला आणि तिथेच राहिला. राधाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. हळू बोलून चंद्रकुमारला ऐकू आलं नसतं.

"माहं!" त्या ओरडून म्हणाल्या. "माया हातचं हाय!"